शेजारचं छोटं शिखर

संगणकाच्या पडद्यावर एकच शिखर उभं होतं. दोन असायला हवी होती. मी चष्मा काढून ओढणीला पुसला, पुन्हा घातला, तरी एकच. मोजमाप थांबवलं, पुन्हा सुरू केलं, आणि हात मांडीवर ठेवून एखाद्या परक्या माणसासारखी त्या आलेखाकडे बघत बसले. जिथं दुसरं शिखर असायचं तिथं सपाट जमीन होती.

मी तेव्हा सोलापुरात भौतिकशास्त्रात पीएच.डी. करत होते. घर होटगीला, विद्यापीठ शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, त्यामुळे रोज सगळं सोलापूर स्कूटीवरून आडवं कापायचं. माझा विषय ऐकला की नातेवाईक आधी मान डोलवायचे आणि मग हमखास विचारायचे, ‘पर याचा उपेग काय?’ मी सुरुवातीला समजावून सांगायचे. नंतर नंतर ‘लई उपेग हाय’ म्हणून मोकळी व्हायचे.

तुम्हाला मात्र सांगते, कारण त्यावाचून पुढचं कळायचं नाही. अर्धवाहकाचा अतिशय पातळ थर दोन वेगळ्या थरांच्या मध्ये बसवला की तो मधला थर इलेक्ट्रॉनांसाठी विहिरीसारखा होतो. आत पडलेला इलेक्ट्रॉन बाहेर येत नाही. याला क्वांटम वेल म्हणतात. त्यावर लेझर सोडला की एखादा इलेक्ट्रॉन आपली जागा सोडून उठतो. मागे जी रिकामी जागा राहते तिला होल म्हणायचं. हे दोघं मग जोडीनं फिरतात, त्या जोडीचं नाव एक्सायटॉन. थोड्याच वेळात इलेक्ट्रॉन पुन्हा जागेवर पडतो, जोडी संपते, आणि संपताना प्रकाशाचा एक कण देऊन जाते. त्या प्रकाशाचं आलेखावर एक उंच शिखर दिसतं. पण विहिरीत एखादा मोकळा इलेक्ट्रॉन भटकत असला तर तो या जोडीला येऊन चिकटतो, नवरा-बायकोच्या गाडीवर मागे दीर बसावा तसा. ट्रिपल सीट. हा झाला भारित एक्सायटॉन. तो जो प्रकाश देतो त्याची ऊर्जा किंचित कमी भरते, म्हणून मोठ्या शिखराला अगदी खेटून एक छोटं शिखर उभं राहतं. माझा सगळा प्रबंध त्या छोट्या शिखरावर उभा होता.

आणि ते गेलं होतं.

गेलं तेही अशा वेळी, की जेव्हा त्याची सगळ्यात जास्त गरज होती. आमचा शोधनिबंध एका नियतकालिकाकडे होता. तिथल्या परीक्षकानं छापण्याआधी एकच मागणी केली होती : हेच मोजमाप पुन्हा एकदा करून दाखवा. मागणी वाचून मी हसले होते. त्यात काय, एका दुपारचं काम. नमुना, म्हणजे त्या थरांचा तुकडा, मुंबईच्या एका संस्थेतल्या मॅडमनी त्यांच्याकडे थरावर थर चढवून आम्हाला दिलेला होता, निबंधात त्यांचंही नाव होतं. उपकरणं तीच, नमुना तोच, मी तीच. शिखरानं न येण्याचं काही कारणच नव्हतं.

माझे मार्गदर्शक, म्हणजे सर, त्या दिवसांत नव्हते. त्यांची आई मोडनिंबला, गावी, वारली होती. फोन आला तेव्हा सर लॅबमध्येच होते म्हणे, तसेच उठून गावाला गेले. मी त्या दिवशी सुट्टीवर होते, मला दुसऱ्या दिवशी कळलं. ज्या घरात दहावं-तेरावं व्हायचंय तिथं फोन करून ‘सर, शिखर गेलं’ असं कोणत्या तोंडानं सांगायचं? मी ठरवलं, आपणच शोधू.

सर अंधाराच्या बाबतीत फार कडक. या प्रयोगात नमुन्यातून येणारा प्रकाश इतका अशक्त असतो की खोलीत दुसरा कुठलाच उजेड चालत नाही. मोबाइल दाराबाहेर ठेवायचा. उपकरणांवर जे बारीक हिरवे-लाल दिवे असतात, त्या प्रत्येकावर सरांनी स्वतः काळी चिकटपट्टी लावलेली. दाराच्या फटीला जुना टॉवेल. एकदा एका विद्यार्थ्याचं चमकणारं घड्याळ त्यांनी मनगटावरून काढायला लावलं होतं. ‘अंधार म्हणजे अंधार,’ असं म्हणायचे.

त्या अंधारात बसून मी एकेक गोष्ट तपासायला घेतली. लेझर पुन्हा नीट रोखला. आरसे पुसले. प्रकाशाच्या गाळण्या, म्हणजे फिल्टर, काढून उलटसुलट करून बघितल्या. नमुना ज्या भांड्यात थंड होतो, त्या क्रायोस्टॅटचं तापमान चुकतंय की काय म्हणून तेही तपासलं. बाहेर डांबर पाघळत होतं आणि आत नमुना उणे अडीचशे अंशांच्याही खाली सुखानं बसला होता. कॉम्प्रेसर आपला खटक-खटक चालूच, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत मागांचा जो आवाज येतो त्याच्या धाकट्या भावासारखा. सगळं बरोबर होतं. मोठं शिखर तर दणदणीत येत होतं. शेजारी काही नाही.

त्या दिवसांत माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. आंधळ्यासारखी टेबलाला धडकायचे, गुडघा काळानिळा झाला होता. वर्षानुवर्षं ज्या खोलीत अंधारात वावरले तिथं मला वाट सापडेना. मला वाटलं, झोप होत नाही म्हणून डोळे दगा देतायत. रात्री घरी छताकडे बघत पडायचे आणि एकच प्रश्न फिरत राहायचा. आधी जे दिसलं होतं ते नेमकं काय होतं? मी खरंच बघितलं होतं ना? आपणच आपल्यावर संशय घ्यायला लागलो की काय होतं ते मला तेव्हा कळलं. फार वाईट असतं ते.

सर परत आले. डोकं भादरलेलं, वर टोपी, चेहरा एकदम म्हातारा झालेला. मी आधी आईबद्दल विचारलं. ते ‘झालं आता’ एवढंच म्हणाले. मग मी जुने आणि नवे आलेख त्यांच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले.

सरांनी ते खूप वेळ बघितले. मी काय काय तपासलं ते सांगत होते, ते ऐकत होते की नाही कळत नव्हतं. मग त्यांनी उठून केबिनचं दार लावलं. सरांनी माझ्याशी बोलताना दार कधीच लावलं नव्हतं.

‘खरं सांग,’ ते म्हणाले. ‘जुन्या आकड्यांना कुठं हात लावलायस का?’

मला आधी प्रश्नच कळला नाही. मी म्हणाले, ‘म्हणजे सर?’

‘म्हणजे थोडं इकडचं तिकडं. शिखर नीट दिसावं म्हणून. होतं असं, वयच तसं असतं. मी रागावणार नाही.’

कुणी कानाखाली मारली असती तरी मी एवढी हादरले नसते. ‘मी रागावणार नाही’ या तीन शब्दांनी मला जास्त लागलं. म्हणजे यांचं ठरलंच होतं, आता फक्त माफ करायचं बाकी होतं. मी ‘नाही सर’ म्हणाले. पुन्हा म्हणाले, ‘नाही.’ आवाज इतका बारीक आला, की माझा मलाच तो खोट्या माणसाचा वाटला. राग नंतर आला, नेहमीसारखा, जिना उतरल्यावर.

‘ठीक आहे,’ सर म्हणाले. ‘मॅडमना सांगावं लागेल. नमुना परत पाठवायची तयारी कर.’

घरी आले तेव्हा अव्वा, म्हणजे माझी आई, कडक भाकऱ्या फडक्यात बांधत होती. माझं तोंड बघून तिनं हातातलं काम ठेवलं. आमच्या घरात निम्मं कानडी, निम्मं मराठी चालतं. काळजीचं बोलणं कानडीत सुरू होतं आणि भांडणाचं मराठीत. ‘एन आतु?’ तिनं विचारलं, काय झालं? मी सांगितलं. तिनं शांतपणे ऐकलं आणि थेट मराठीत आली.

‘तेनी तुला चोर म्हनलं?’

‘चोर नाही गं. आकड्यांना हात लावलास का, असं विचारलं.’

‘त्येच की ते.’ तिनं पदर खोचला. ‘उद्या सकाळी मी येते तुझ्यासंगं. इचारते तेन्ला.’

‘अव्वा, तू काही येऊ नकोस. तुला काय विचारणार आहेस ते तरी कळतंय का?’

‘मला शिकर कळत न्हाय,’ ती म्हणाली, ‘माझी लेक कळती.’

मला हसायलाही आलं नाही आणि रडायलाही. मी जेवले नाही म्हणून ती माझ्यावरच चिडली, आणि तेवढ्यात तेवढं बरं वाटलं.

प्रबंध बुडतो हे दुःख होतंच. पण प्रबंध दुसरा लिहिता येतो. ‘तिनं आकडे बनवले होते’ हे एकदा सुटलं की झालं. बोलणाऱ्याचं तोंड धरता येत नाही. उद्या मी कुठल्याही प्रयोगशाळेत गेले, कितीही खरं मोजलं, तरी कुणीतरी कुणाच्या तरी कानाशी लागणारच. मुंबईच्या मॅडमना मी एकदाच भेटले होते. त्यांनी नमुन्याची डबी माझ्या हातात देताना म्हटलं होतं, जपून वापर. त्यांना सर काय सांगणार या विचारानं मला सुन्न व्हायला झालं.

दुसऱ्या दिवशी दुपारी नमुना काढायला गेले. ट्यूबलाइट लावली. खोली कशी ओळखीची आणि तरी आपली नसल्यासारखी वाटत होती. एका कोपऱ्यात उंचावर फळी होती आणि फळीवर सिद्धेश्वराची तसबीर. उपकरण आलं तेव्हा नारळ फोडला होता, कॉम्प्रेसरला हळद-कुंकू वाहिलं होतं, आणि सरांनी स्वतः ही तसबीर आणून ठेवली होती. वर्गात देवाधर्माची थट्टा करणारे सर, पण तसबीर ठेवताना चपला काढून ठेवल्या होत्या. तसबिरीपुढे विजेवरचा दिवा होता, वातीच्या आकाराचा लाल बल्ब, बाजारात कुठंही मिळतो तसला. मला दिसलं की तो बंद आहे. आता इथून जायचंच आहे तर देवाला अंधारात ठेवून कशाला जायचं, म्हणून मी बटण दाबलं आणि नमस्कार केला. काही मागितलं नाही. मागण्याच्या मनःस्थितीत नव्हतेच, खरं तर त्याच्यावरही चिडले होते.

मग वाटलं, नमुना अजून थंड आहे, लेझर चालू आहे, एकदा शेवटचं बघून घ्यावं. ट्यूबलाइट बंद केली. प्रकाश टिपणाऱ्या शोधकाची झडप उघडली.

दोन शिखरं.

माझ्या तोंडून आवाज निघाला. काय आवाज होता कोण जाणे, पण मीच दचकले. मी झडप बंद केली, उघडली. दोन शिखरं. मोठं होतं तिथं, आणि त्याला खेटून छोटं, शांतपणे, जसं काही कुठं गेलंच नव्हतं. मी स्टुलावर बसले आणि स्वतःला विचारलं, काय बदललं? काहीच नाही. मी कशालाही हात लावला नव्हता. आणि मग मला माझे हात दिसले. अंधारात मला माझे हात दिसत होते, लालसर.

मी उठले. क्रायोस्टॅटला चारी बाजूंनी काचेच्या खिडक्या असतात. वापरात नसलेल्यांवर झाकणं लावतात. फळीकडे तोंड असलेल्या खिडकीचं झाकण कधीचं हरवलेलं. त्या बाजूला काही नव्हतंच, नुसता देव होता, म्हणून कुणी दुसरं झाकण आणलं नव्हतं. मी दिवा आणि ती खिडकी यांच्या मध्ये तळहात धरला आणि मान वळवून पडद्याकडे पाहिलं.

छोटं शिखर खचत गेलं. हळूहळू, पण गेलं. हात काढला, तर पुन्हा वर आलं.

मी हे किती वेळा केलं सांगता येणार नाही. कारण मागाहून सुचलं, पण तिथंच सुचलं. आमचा लेझर मुद्दाम असा निवडलेला की तो विहिरीच्या आतच जोड्या तयार करतो. लाल प्रकाशाच्या कणात ऊर्जा त्याहून जास्त. तो विहिरीच्या काठांच्या थरातले इलेक्ट्रॉन सोडवतो, ते घरंगळत विहिरीत येतात, आणि त्यांचे होल बाहेरच कुठंतरी अडकून पडतात. विहिरीत मोकळे इलेक्ट्रॉन साठतात. त्यांच्याशिवाय कसला आलाय भारित एक्सायटॉन? गाडी होती, जोडपं होतं, पण दिराला गाडीपर्यंत आणत होता तो हा दिवा. आलेखावर त्याचा लाल रंग कधी दिसला नाही, कारण आम्ही तेवढा भाग बघतच नव्हतो. आणि खोलीत कायम चालू असूनही तो कधी दिसला नाही, कारण देवाच्या दिव्याला कुणी उजेड म्हणतच नाही. आम्ही सगळे दिवे मालवायचो, सगळ्यांवर पट्ट्या लावायचो, आणि त्याच्याकडे नुसता नमस्कार करायचो. अंधार म्हणजे अंधार, म्हणे.

मी दाराबाहेर जाऊन सरांना फोन केला. ‘सर, लॅबमध्ये या,’ एवढंच म्हणाले. माझा आवाज ऐकून ते धावतच आले असावेत, दम लागला होता. मी त्यांना स्टुलावर बसवलं, पडद्याकडे बघा म्हणाले, आणि दिव्यापुढे हात धरला.

सरांनी उठून स्वतः हात धरला. काढला. धरला. टोपी खाली पडली, ती त्यांनी उचलली नाही.

‘हा दिवा बंद होता?’ त्यांनी विचारलं.

‘हो सर. मी आत्ता लावला. कुणी बंद केला माहीत नाही.’

ते भिंतीला टेकले. ‘मी केला,’ म्हणाले. ‘आई गेल्याचा फोन आला. सुतक लागलं. घरी असतो तर घरचा देव्हारा झाकला असता. इथं होतो, तर जाता जाता याच्या बटणाकडे हात गेला. मला तर आठवतही नव्हतं.’

आम्ही लिंगायत, आमच्यात सुतक पाळत नाहीत. घरात कुणी गेलं तरी लिंगपूजा चुकत नाही. त्यामुळे आई गेलेला माणूस देवाचा दिवा बंद करून जाईल हे माझ्या स्वप्नातही आलं नसतं. मी सगळी गणितं तपासली होती, हे एक सोडून. आणि यांनी, ज्यांच्या हातानं ते शिखर मालवलं गेलं होतं, त्यांनी मला दार लावून विचारलं होतं. मी त्यांच्याकडे बघत राहिले. त्यांची आई गेली होती, त्यामुळे मला धड रागावताही येईना.

सरांचे डोळे मात्र चमकायला लागले होते. ‘अगं, तुला कळतंय का काय सापडलंय? आपण बाहेरच्या उजेडानं विहीर भरतोय आणि रिकामी करतोय! शिखर हवं तेवढं लहान-मोठं करता येईल. हा निबंध आधीच्यापेक्षा किती...’

‘सर,’ मी म्हणाले, ‘मॅडमना सांगितलंत का?’

‘सकाळी बोललो,’ ते म्हणाले.

‘काय बोललात?’

लॅबबाहेर जाऊन त्यांनी मोबाइल उचलला आणि मॅडमचा नंबर लावला. त्यांना स्पीकरवरच बोलायची सवय. मी दारातच उभी होते.

‘मॅडम, सकाळच्या विषयाचं. शिखर परत आलं. मुलीचे आकडे खरे आहेत.’

‘अरे वा,’ मॅडम म्हणाल्या. ‘मग झालं काय होतं?’

‘स्ट्रे लाइट. खोलीत एक दिवा चालू राहून गेला होता. मोजमाप घेताना विद्यार्थ्यांच्या लक्षात...’

माझ्या डोक्यात सणकन गेलं. मी आयुष्यात सरांच्या बोलण्यात तोंड घातलं नव्हतं. ‘सर,’ मी फोनला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाले, ‘दिवा कुणाचा ते सांगा की.’

सर थांबले. माझ्याकडे त्यांनी असं बघितलं, जसं काही मी आत्ताच समोर आले. त्यांना केवढं अवघड होतं ते मला दिसत होतं. मुंबईच्या मोठ्या प्रयोगशाळेला सांगायचं, की आमच्या काळ्याकुट्ट अंधारात देवाचा दिवा जळत होता.

‘देवाचा, मॅडम,’ ते म्हणाले. ‘मीच ठेवलेला. आणि बंद केला तोही मीच, आई गेली त्या दिवशी. मुलीला यातलं काही माहीत नव्हतं. आज तिनंच शोधून काढलं.’

मॅडम हसतील असं मला वाटलं होतं. त्या हसल्या नाहीत.

‘तुम्ही सकाळी म्हणालात, तिनं आकडे बदलले असावेत,’ त्या म्हणाल्या. ‘त्याआधी तिला विचारलं होतंत का?’

‘विचारलं होतं.’

‘काय म्हणाली?’

‘नाही म्हणाली.’

‘मग?’

आतून कॉम्प्रेसरचा आवाज येत होता. फोनवर मॅडम थांबल्या होत्या, त्यांनी प्रश्न सोडून दिला नाही.

‘मग मी ऐकलं नाही,’ सर म्हणाले. हे ते फोनला बोलले नाहीत, माझ्याकडे बघून बोलले.

शिखर गेलं तेव्हा मी रडले नव्हते. केबिनमध्येही नाही, अव्वापुढेही नाही. तिथं दारात मात्र मी हुंदके देऊन रडले, आणि ते मॅडमनाही ऐकू गेलं असणार.